कोजागरीसाठी गल्लीचा रस्ता काही तास बंद ठेवायचा आहे: परवानगी कोणाची आणि तयारी कोणती?

सोनचाफा

नमस्कार. आमची गल्ली कोथरूड परिसरात आहे. तिची लांबी साधारण सव्वाशे मीटर असून दोन्ही टोके मोठ्या रस्त्यांना मिळतात. पूर्वी येथे चौदा बंगले होते. त्यांपैकी सहा उरले आहेत आणि बाकीच्या जागी पुनर्विकासातून चार इमारती उभ्या राहिल्या आहेत. नव्याने आलेली कुटुंबे आणि जुने बंगलेवाले यांची एकमेकांशी ओळख अशी राहिलेली नाही. गेल्या पावसाळ्यात एका बंगल्यातील आजी घरात पडल्या आणि दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशी येईपर्यंत शेजारी कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट मनाला फार लागली.

म्हणून यंदा कोजागरीला सगळ्या गल्लीने एकत्र दूध आटवावे, मुलांनी रस्त्यावर खेळावे आणि मोठ्यांनी सतरंज्या टाकून गप्पा माराव्यात, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. सुमारे दीडशे माणसे येतील. गच्च्या त्या त्या सोसायटीच्या आहेत आणि आमच्या जवळपास मैदान नाही. सर्वांची म्हणावी अशी एकच जागा आहे आणि ती म्हणजे रस्ता. संध्याकाळी सात ते मध्यरात्री साडेबारा एवढा वेळ तो वाहनांसाठी बंद ठेवायचा असेल, तर परवानगी कोण देते, अर्ज किती आधी करावा आणि आमच्या हातून काय राहून जाण्याची शक्यता आहे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

पथिक

माझी नोकरी रस्त्यांच्या कामांत गेली, त्यामुळे आधी एक प्रश्न विचारतो: ही गल्ली नेमकी कोणाची आहे? पुण्यातील जुन्या वसाहतींमध्ये काही अंतर्गत रस्ते अजूनही सोसायटीच्या किंवा मूळ जमीनमालकांच्या नावावर आहेत, तर काही फार पूर्वी महापालिकेकडे हस्तांतरित झालेले आहेत. महापालिकेने डांबर टाकले आणि दिवे लावले, एवढ्यावरून मालकी ठरत नाही. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा आणि मंजूर रेखांकनाची प्रत एखाद्या सोसायटीच्या दप्तरात असल्यास तीही पाहा.

खासगी अंतर्गत रस्ता असला आणि तो एका टोकाला बंद असला, तर प्रश्न बराचसा सभासदांच्या संमतीचा राहतो. तुमच्या वर्णनावरून मात्र गल्ली दोन्हीकडून खुली आहे आणि बाहेरचे लोकही ती वापरत असणार. त्यामुळे तो सार्वजनिक रस्ता आहे, असे धरूनच पुढे जावे. अशा रस्त्यावरील वाहतूक थांबवण्याचा अधिकार नागरिकांना नाही आणि माजी नगरसेवकांच्या पत्रानेही तो मिळत नाही. त्या पत्राचा उपयोग शिफारशीपुरता आहे.

आणखी एक पाहून ठेवा. गल्लीतून पीएमपीएमएलची बस जात असेल, तर हा विचार सोडून द्या आणि शेजारची शांत गल्ली शोधा.

तळटीप

पथिक यांनी अधिकाराचा मुद्दा मांडला, त्याला कायद्याची जोड देतो. पुणे शहरात वाहतुकीतील तात्पुरत्या बदलांचे आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. वर्तमानपत्रांत येणाऱ्या त्या आदेशांत मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५, ११६ आणि ११७ यांचा उल्लेख असतो आणि 'अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून' हे शब्द जवळजवळ नेहमी असतात. अग्निशमन दलाचे बंब, पोलिसांची वाहने आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी रस्ता कधीच बंद होत नाही, असा त्याचा अर्थ आहे. तुमची सगळी आखणी या चार शब्दांभोवती करा, असे मी आग्रहाने सांगेन.

कलम ११५ मुळातून वाचण्यासारखे आहे. वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्यात सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी, अथवा रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपामुळे आवश्यक असेल तेव्हा दिलेला आहे. कोणाला कार्यक्रम करायचा आहे, हे त्यातले कारण नाही. म्हणून अर्जात 'आमचा स्नेहमेळावा आहे, रस्ता बंद करून मिळावा' एवढेच लिहिणे अपुरे ठरते. त्या वेळी रस्त्यावर मुले आणि ज्येष्ठ नागरिक बसलेले असतील, त्यांच्या सुरक्षिततेसाठी वाहतूक वळवणे आवश्यक आहे आणि वळवलेल्या वाहतुकीला अमुक पर्यायी मार्ग उपलब्ध आहे, अशा क्रमाने लिहावे. निर्बंध एका महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार नसेल, तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक नसते. मात्र परिस्थितीनुसार स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. गल्लीच्या दोन्ही तोंडांना आधीपासून फलक लावणे हे त्यामुळे सौजन्यापुरते उरत नाही, कायद्याची अपेक्षाही तीच आहे.

ध्वनिक्षेपकाचा विषय वेगळा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार त्यासाठी लेखी परवानगी लागते. खुल्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो वापरता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्या यादीत तुमचा दिवस आहे का, हे त्या वर्षीच्या आदेशात पाहावे लागेल, गृहीत धरू नये. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल, तर तो परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो आणि तेथे नियम अधिक कडक होतात.

रातराणी

मी या विषयावर थोड्या कडवटपणे लिहिणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. माझ्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागत असे. एका संध्याकाळी परतताना आमच्या रस्त्याच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला होता आणि आत कोणाचा तरी कार्यक्रम चालू होता. बांबूपाशी कोणीही नव्हते. डायलिसिस झाल्यावर माणूस किती गळून गेलेला असतो, हे ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना ठाऊक आहे. मी वडिलांना गाडीत बसवून आत माणूस शोधायला गेले आणि त्या गर्दीत गाठी सोडणारा माणूस मिळायला वीस मिनिटे लागली. सगळे चांगले लोक होते, सगळ्यांनी माफी मागितली. पण ती वीस मिनिटे माझे वडील गाडीत एकटे होते.

सोनचाफाताई, तुमचा हेतू निर्मळ आहे, यात मला शंका नाही. तरीही विचारते, की रस्त्याऐवजी एखाद्या इमारतीच्या वाहनतळात हे का करू नये? आणि रस्ताच हवा असेल, तर गल्लीतील कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे तुम्हाला आज माहीत आहे का? अर्ज लिहिण्याआधी ते माहीत करून घ्यावे, असे मला वाटते.

सोनचाफा

रातराणीताई, क्षमा मागण्यासारखे तुम्ही काहीच लिहिलेले नाही. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही' असे होते, म्हणून शनिवारी आणि रविवारी आम्ही चौघे घरोघरी गेलो. पाहिले ते सांगते.

एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील काका घरी ऑक्सिजनवर आहेत आणि त्यांचा सिलिंडर बदलायला टेम्पो येतो. कोपऱ्यावरच्या घरी घरगुती मेस आहे आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत डबे नेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दुचाकी येतात. रात्रपाळीला जाणाऱ्या दोघी मुलींना कंपनीची गाडी रात्री साडेदहाला न्यायला येते आणि ती गाडी दाराशीच यावी, असा कंपनीचा नियम आहे. एका घरात दहा दिवसांचे बाळ आहे. एका आजोबांनी रस्ता बंद करण्यास स्पष्ट विरोध केला. कारण विचारल्यावर ते म्हणाले की गणपतीचे दहा दिवस काढायचे, नवरात्राचे नऊ काढायचे, त्यानंतर एक तरी रात्र शांत मिळावी.

खरे सांगायचे तर सात ते साडेबारा ही वेळ आम्ही या घरांचा विचार न करताच ठरवली होती. वाहनतळाचाही विचार केला, परंतु चारही इमारतींच्या वाहनतळांत यांत्रिक पार्किंग असल्यामुळे पन्नास माणसेही नीट बसू शकत नाहीत. रस्त्याचा विचार अजून सोडलेला नाही, आखणी मात्र पुन्हा करत आहोत.

बाकावरचा

आमच्या सहकारनगरच्या बाजूच्या गल्लीत आम्ही तीन वर्षे असा मेळावा केला आहे, म्हणून प्रत्यक्ष कामाचे सांगतो. अर्ज किमान महिनाभर आधी तयार ठेवा. अर्ज नोंदणीकृत संस्थेच्या पत्रावर असला, तर पुढचे सोपे जाते. 'समस्त रहिवासी' या नावाच्या अर्जाला जबाबदार कोण, हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला जातो. तुमच्या चार सोसायट्यांपैकी एकीने आयोजक व्हावे आणि बाकीच्यांनी संमतीपत्रे द्यावीत. अर्जासोबत हाताने काढलेला का होईना पण स्पष्ट नकाशा जोडा. त्यात दोन्ही टोकांचे अडथळे, मोकळी ठेवलेली मार्गिका, पर्यायी मार्ग आणि अग्निशमन दलाची गाडी कोणत्या बाजूने आत येईल, हे दाखवा. दोन जबाबदार व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक आणि हमीपत्र द्या.

पहिल्या वर्षी मी अर्ज थेट वाहतूक शाखेच्या मुख्य कार्यालयात नेऊन दिला आणि आठवडाभर उत्तराची वाट पाहत बसलो. चूक माझीच होती. स्थानिक वाहतूक विभागाचे अधिकारी जागा पाहून अभिप्राय देतात, तेव्हा अर्ज पुढे सरकतो. म्हणून एक प्रत तेथे, एक स्थानिक पोलीस ठाण्यात आणि एक क्षेत्रीय कार्यालयात द्यावी आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ही पोच जपून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक चौकशीला पहिला प्रश्न तोच असतो.

आता मार्गिकेविषयी. सतरंज्या आणि टेबले रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवावीत आणि दुसरी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी राहील, असे पाहावे. आम्ही सगळी मांडणी झाल्यावर, लोक जमण्याआधी, सामानाचा टेम्पो त्या मार्गिकेतून नेऊन पाहतो. पहिल्या वर्षी तो मध्येच अडकला, कारण एका बंगल्याच्या आंब्याची फांदी खाली आली होती आणि ती आमच्या कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती.

टोकांवर बांबू किंवा दोरखंड बांधू नका. चाके असलेले हलके कठडे ठेवा, जे एका माणसाला एका हाताने सरकवता येतील. प्रत्येक टोकाला कार्यक्रम संपेपर्यंत दोन माणसे हवीत, तीही दर तासाला बदलणारी, नाहीतर त्यांच्या वाट्याला मेळावा येतच नाही आणि मग ती हळूच आत येऊन बसतात. रातराणीताईंच्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच झाले असावे.

मांडव घालू नये, असे माझे मत आहे. मांडव आला की महापालिकेची वेगळी परवानगी आली, शिवाय डांबरात खड्डे घेण्याचा मोह होतो. परतीच्या पावसाची धास्ती असेल, तर दूध आणि शेगड्या एखाद्या इमारतीच्या छताखाली ठेवा आणि माणसांना छत्र्या आणायला सांगा. वीज रस्त्यावरच्या खांबावरून कदापि घेऊ नका.

चौकटीबाहेर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एवढा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का? पुण्यात निम्मे कार्यक्रम कोणालाही न विचारता रस्त्यावर होतात. काही तासांसाठी गल्ली बंद केली, तर कोण विचारायला येणार आहे? परवानगी मागितली की नियम मागे लागतात, असा माझा अनुभव आहे.

तळटीप

कोणी विचारायला येणार नाही, हे बहुतेक वेळा खरे ठरते. तरीही त्यावर विसंबून आखणी करू नये. गल्लीत अपघात झाला किंवा बंब अडला, तर लेखी आदेश असलेल्या आयोजकाची आणि आदेश नसलेल्या आयोजकाची स्थिती अगदी वेगळी असते. दुसरे म्हणजे, रस्त्यावरील मांडव आणि ध्वनिक्षेपक यांविषयी डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल प्रसिद्ध आहे. रस्ते आणि पदपथ नागरिकांना अडथळ्याविना वापरता यावेत, हा त्याचा गाभा आहे. तेव्हापासून या विषयातील तक्रारींकडे पूर्वीसारखा काणाडोळा करता येत नाही.

विचारून केलेल्या गोष्टीचे चांगले उदाहरण आपल्याच शहरात आहे. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन साजरा केला, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद ठेवला होता. लक्ष्मी रस्त्यासारखा गजबजलेला रस्ता, पर्यायी मार्ग आधी जाहीर करून, दिवसभर चालणाऱ्यांच्या हाती देता येतो. मग सव्वाशे मीटरची गल्ली रीतसर का देता येऊ नये?

पथिक

कचऱ्याचा मुद्दा राहिला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत शंभरपेक्षा अधिक लोकांच्या कार्यक्रमाची सूचना स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी द्यावी आणि कचऱ्याचे जागेवरच वर्गीकरण करावे, अशी तरतूद आली. तुमची संख्या दीडशे आहे, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयाच्या अर्जातच हे लिहून टाका. तुमच्याकडे 'स्वच्छ' संस्थेच्या ताई कचरा घ्यायला येत असतील, तर त्यांना आधी सांगा आणि जादा कामाचा मोबदला ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदी पेल्यांचा ढीग त्यांच्यापुढे अचानक येऊ नये. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येकाने घरचा पेला आणावा.

सोनचाफा

कोजागरी होऊन चार दिवस झाले. सगळ्यांनी एवढे मनापासून मार्गदर्शन केले, म्हणून काय झाले ते सविस्तर लिहिते.

वेळ सात ते साडेबाराऐवजी रात्री आठ ते बारा अशी केली. स्थानिक वाहतूक विभागाचे एक अधिकारी स्वतः गल्ली पाहून गेले. त्यांनी नकाशावर बोट ठेवून पहिला प्रश्न ऑक्सिजनच्या घराचा विचारला, कारण आम्ही ते घर नकाशात दाखवले होते. त्यांच्या सूचनेवरून पूर्वेकडील टोक पूर्ण बंद न करता रहिवाशांच्या वाहनांसाठी खुले ठेवले आणि फक्त आरपार जाणारी वाहतूक पश्चिमेकडून थांबवली. आमच्या कोणाच्याच मनात हा पर्याय आलेला नव्हता. परवानगीच्या पत्रात चार अटी होत्या. त्यांतील एक मार्गिका मोकळी ठेवण्याची आणि एक स्वयंसेवकांनी चमकणारी जॅकेट घालण्याची होती.

मेसच्या काकूंनी त्या दिवशी डबे सातच्या आत द्यायचे ठरवले आणि तसे विद्यार्थ्यांना आठवडाभर आधी सांगितले. सिलिंडरचा टेम्पो दुपारी बोलावला. रात्रपाळीच्या मुलींची गाडी पूर्वेकडून दाराशी आली, तेव्हा मुलांनी रस्त्यावरचे खडूचे चौकोन सोडून तिला वाट करून दिली. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या सतरा गाड्यांपैकी पंधरा मालकांनी स्वतः हलवल्या. दोन गाड्यांचे मालक अखेरपर्यंत सापडले नाहीत, म्हणून सतरंज्या त्यांच्या पुढे-मागे अंथरल्या. पुढच्या वेळी काचेवर चिठ्ठ्या तीन दिवसांऐवजी आठ दिवस आधी लावाव्या लागतील.

ध्वनिक्षेपक आणलाच नाही. त्यामुळे परवानगीचा प्रश्न मिटला आणि शांततेची मागणी करणारे आजोबाही राजी झाले. गाणी पेटीवर झाली आणि दहानंतर पेटीही मिटली. चंद्र इमारतींच्या वर यायला वेळ लागला. त्यानंतरचे दोन तास बहुतेक लोक हळू आवाजात बोलत होते. पडलेल्या आजींना त्यांच्या नातवाने खुर्चीत बसवून फाटकापर्यंत आणले होते. समोरच्या इमारतीतील तीन कुटुंबांनी त्यांचा दूरध्वनी क्रमांक घेतला आणि सकाळी नऊपर्यंत त्यांच्या घराची खिडकी उघडलेली दिसली नाही तर कोणी जायचे, हे तिथल्या तिथे ठरले.

एक गोष्ट चुकली. पश्चिमेकडील कठड्यावर अकरानंतर बदलीची माणसे आली नाहीत आणि मूळच्या दोघांना तेथेच थांबावे लागले. त्यांनी जागा सोडली नाही, त्यांचे दूध आम्ही तेथे नेऊन दिले. तरी वेळापत्रक लेखी असायला हवे होते.

रातराणी

सोनचाफाताई, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. एक विचारायचे आहे. पूर्वेकडचे टोक रहिवाशांसाठी खुले होते, तर बाहेरून येणाऱ्या रुग्णवाहिकेला ते कसे कळणार होते? पश्चिमेकडून आलेल्या चालकाला कठडा दिसला असता आणि तो वळसा घालायला निघाला असता.

सोनचाफा

पश्चिमेच्या कठड्यावर 'रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल: सरळ आत या, कठडा सरकवला जाईल' असा मोठ्या अक्षरांतला फलक लावला होता आणि तेथील दोघांना कोणालाही न विचारता कठडा बाजूला करण्याची सूचना होती. आठ वाजण्यापूर्वी आम्ही टेम्पो त्याच बाजूने आत आणून पाहिला. मात्र तुमचा मुद्दा बरोबर आहे, कारण तो फलक रात्री दुरून वाचता येत नव्हता. पुढच्या वर्षी तो चमकणाऱ्या पट्टीचा करून घेऊ आणि त्यावर उजेड पडेल असा दिवा शेजारच्या बंगल्यातून घेऊ. बंगल्याच्या मालकांशी आजच बोलले आहे. अर्जाचा मसुदा आणि नकाशा ज्यांना हवा असेल त्यांनी येथेच सांगावे, आमच्या गल्लीचे तपशील काढून देते.